करंटवाले धकाते सर

धकाते सर कुठल्याही लोखंडी वस्तूला आधी हाताची उलटी बाजू लावून बघत. लेकराचा ताप बघावा तसं. फाटक असो, हापसा असो, सिटी बसचा दांडा असो, या गृहस्थाचा उलटा पंजा आधी त्यावर टेकणार, डोळे बारीक होणार, मान एका बाजूला कलणार, आणि फाटकाची तब्येत बरी आहे अशी खात्री पटल्यावरच ते सुलट्या हातानं उघडलं जाणार. तोवर बसमध्ये चढायला मागे खोळंबलेली माणसं त्यांच्या खानदानाविषयी जे बोलत, ते मी मराठीचा शिक्षक असल्यामुळे इथे लिहू शकत नाही.

एका वर्षी स्नेहसंमेलनात त्यांच्या वर्गाला पितळी ढाल मिळाली. पाहुणे होते कुणी उपमंत्री. त्यांनी हसत हसत ढाल पुढे केली. सरांनी व्यासपीठावर, समस्त पालकांच्या देखत, तिला उलटा हात लावला आणि डोळे बारीक करून थांबले. उपमंत्र्यांना वाटलं, यांना ढाल नको आहे. त्यांनी ती परत टेबलावर ठेवली आणि ते सरळ भाषणाला उभे राहिले. वर्गातली पोरं रडकुंडीला आली. सरांना त्याचं काहीच नव्हतं.

"मायकवाल्यानं वायर टेबलाखालून नेली होती," ते मला म्हणाले. "तुमाले दिसली नाई काय?"

मला दिसली नव्हती. मी ढाल बघत होतो, जसं सगळी शहाणी माणसं बघत होती.

ही आणीबाणीच्या आसपासची गोष्ट. इतवारीतल्या एका शाळेत आम्ही दोघं शिक्षक होतो. मी मराठी शिकवायचो, ते विज्ञान. राहायलाही नंदनवनकडे एकाच गल्लीत, त्यामुळे शाळा सुटली तरी माझी सुटका नव्हती. त्यांच्या दृष्टीनं मराठी हा विषयच नव्हता. मी जन्मात कवितेची एक ओळ लिहिलेली नाही, तरी ते मला कवीराज म्हणत. "कवीराज, तुमच्या कवितेनं बल्ब लागते काय?" असा प्रश्न ते आठवड्यातून एकदा तरी विचारत आणि उत्तराची वाट न बघता निघून जात. धकाते हे आडनाव आमच्या नागपुरात विणकर कोष्ट्यांच्या घरांत जागोजाग सापडतं. पण आडनावाला इतका जागलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. ज्याला त्याला धक्के देत फिरायचं, एवढाच याचा धंदा.

अंगानं काटकुळे. खाकी बुशशर्टाच्या खिशात टॉर्चचे सेल भरलेले असत, त्यामुळे खिसा कायम पोटापर्यंत लोंबलेला. पायात बाराही महिने काळे गमबूट. नागपूरचा एप्रिल ज्यानं पाहिला आहे, रस्त्यावरचं डांबर चपलेला ओढून धरतं हे ज्याला ठाऊक आहे, त्यानं त्या गमबुटांच्या आत काय चाललं असेल याची कल्पना करावी. दुपारच्या सुट्टीत सर ते शिक्षकांच्या खोलीत काढायचे. मग खिडकीजवळच्या खुर्च्यांसाठी आमच्यात जी धावाधाव व्हायची, तेवढी चपळाई शाळेच्या मैदानावरसुद्धा कधी दिसली नाही.

नवीन माणूस भेटला की ते हात मिळवत नसत. म्हणत, "दंड दाखवा."

माणूस बिचारा फुगवून दाखवायचा. सर तो दोन बोटांत चिमटीत धरायचे आणि गंभीरपणे सांगायचे, "हा तुमचा नाई."

"म्हणजे?"

"हा ताबेदार आहे. हुकूम मेंदूतून आला त तुमचा. बाहेरून आला त ज्याचा हुकूम त्याचा. मसल विचारत नाई गा, साहेब कोण आहे म्हणून. करंट आला का आवळते, बस!"

उमरेडला एकदा मुलगी बघायला गेले, तर तिथेही हेच. मुलीचे वडील खाणीवर मुकादम होते, त्यांचा दंड खरोखर बघण्यासारखा असणार. "हा तुमचा नाई" एवढं ऐकल्यावर त्यांनी पोह्यांच्या बशा परत आत नेववल्या. सरांचं लग्न पुढे झालंच नाही. त्या मुलीच्या नशिबाचा मला अनेकदा हेवा वाटला आहे.

शिकवण्याबद्दल काय सांगावं! विज्ञानाच्या पुस्तकात प्रकाश होता, ध्वनी होता, उष्णता होती. सरांची गाडी विजेवर अडायची ती मार्चपर्यंत. प्रकाश त्यांच्या वर्गात कधी पोहोचलाच नाही. बेडकाचा पाय मात्र दरवर्षी. मेलेल्या बेडकाच्या पायाला तारा लावून ते तो उडवून दाखवत आणि पोरांना विचारत, "आता हा बेडूक पळून राहिला काय?" पोरं ओरडत, "नाही सर!" "त मंग पाय कोण हलवून राहिलं?" "करंट!" हे इतक्या मोठ्यानं चालायचं की शेजारच्या वर्गात माझी कविता करंट लागल्यासारखी अर्ध्यात थांबायची.

पुढे सीताबर्डीच्या फुटपाथवर त्यांना एक जुनं इंग्रजी मासिक सापडलं. त्यात एका अमेरिकनाच्या पिस्तुलाची माहिती होती. त्यातून गोळी सुटत नाही, दोन तारा सुटतात. त्या अंगाला चिकटल्या की माणूस ओंडक्यासारखा आडवा होतो, आणि करंट थांबला की पुन्हा उठून बसतो. सर ते मासिक घेऊन भर दुपारी माझ्या घरी आले. रागानं लाल झालेले.

"चोरलं माझं!"

"तुमचं? तुम्ही कधी बनवलं होतं?"

"मनात होतं ना!"

मग तासभर मला ज्ञानदान झालं. एकच झटका दिला तर मसल एकदाच उडतं आणि सैल पडतं. पण झटक्यांची रांग लावली, एकामागून एक, भराभर, तर त्याला सैल पडायला फुरसतच मिळत नाही. ते आवळलेलंच राहतं. दोन तारा जवळ टोचल्या तर नुसतं दुखतं, लांब लांब टोचल्या तर मधल्या सगळ्या मसलना हुकूम जातो. "अन् माणूस बेहोश नाई होत, कवीराज. सगळं समजते त्याले. ऐकू येते, दिसते. फक्त काई करता नाई येत." माझ्या बायकोनं आतून चहा पाठवला. सरांनी स्टीलच्या कपाला उलटा हात लावून बघितला. बायको ते दारातून बघत होती. त्यानंतर त्यांना आमच्याकडे चहा मिळाला तो काचेच्या ग्लासात, आणि तोही मी स्वतः केला तरच.

अमेरिकनाला उत्तर म्हणून सरांनी करंटकाठी तयार केली. वेताच्या काठीला सेलची डबी, विजेच्या घंटीतून काढलेलं किर्र वाजणारं यंत्र, बटण, आणि लांब तारांच्या टोकांना ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दोन पट्ट्या. चोराला पकडायला हे हत्यार उत्तम, असं त्यांचं म्हणणं. अडचण एवढीच, की चोरानं आधी स्वस्थ उभं राहून दोन्ही पट्ट्या बांधून घ्यायला हव्या होत्या.

तसा एक माणूस आमच्या शाळेत निघाला. कवायतीचे बिसेन सर. छाती अशी, की गळ्यातली शिटी तिच्यावर आडवी पडायची. सरांचं व्याख्यान ऐकून त्यांनी एक दिवस शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं, "अरे मास्तर, तुमचा करंट बकऱ्यांसाठी आहे. आपण तालमीतले. पाय रोवून उभा राहतो, हलवून दाखवा."

धकाते सरांनी एक पट्टी त्यांच्या मांडीला बांधली, एक पोटरीला.

"छातीला का नाही?" बिसेन सर छाती पुढे काढून म्हणाले.

"छातीतून करंट नाई न्यायचा. काळीज बी मसलच आहे. ते बी हुकूम ऐकते."

बटण दाबलं. किर्र आवाज झाला. बिसेन सरांचा उजवा पाय पेन्सिलीसारखा ताठ झाला, टाच वर गेली, आणि हजारो पोरांना सावधान-विश्राम करायला लावणारा तो देह भिंतीवरचा आशिया खंड धरून सावकाश खाली आला. आशियाही खाली आला. आम्ही सगळे इतके हसलो की घंटा झालेली कुणाला ऐकू आली नाही.

"मी पडलो नाही," बिसेन सर जमिनीवरून म्हणाले. "बसलो."

फक्त धकाते सर हसले नाहीत. ते गुडघ्यावर बसून विचारत होते, "पाय हलवाचा होता ना तुमाले? हलव म्हणून सांगत होते ना तुमी त्याले?" बिसेन सरांनी उत्तरादाखल त्यांना जे काय सांगितलं, त्यावरून हेडमास्तरांनी करंटकाठीला शाळेत कायमची बंदी घातली.

मग मे महिना आला. शाळेला सुट्टी लागली आणि करंटकाठी गल्लीत आली.

उन्हाळ्यात आमच्याकडे घराघराच्या खिडकीला कूलर लागतो. लोखंडी पेटी, तीन बाजूंना खसच्या, म्हणजे वाळ्याच्या ताट्या, तळाशी पाणी, मध्ये पंखा. पाणी, लोखंड आणि वीज यांचं असं एकत्र कुटुंब दुसरीकडे कुठे सापडायचं नाही. धकाते सर सकाळपासून प्रत्येकाच्या खिडकीखाली जाऊन कूलरला उलटा हात लावत हिंडायचे. बाया खिडकीतून ओरडायच्या. ते म्हणायचे, "अर्थिंग नाई लावली वं बाई तुमच्या मालकानं." मालकाला हे कळलं की मालक ओरडायचा. आमच्या गल्लीतले गणपतराव ठेकेदार यांनी तर त्यांना हाकलूनच दिलं. गणपतरावांकडे गल्लीतला सगळ्यात मोठा कूलर होता, त्याला खाली चकचकीत पितळी तोटी होती, आणि त्या तोटीबद्दल ते अशा आवाजात बोलत, जसं काही ती त्यांनी स्वतः प्रसवली होती.

"माझ्या कूलरले हात लावशील त पाहा मास्तर!"

अशी ती दुपार. लू चाललेली, गल्लीत कुत्रंही नाही. मी आडवा झालो होतो. एकदम गणपतरावांचा आरडाओरडा ऐकू आला, "चोर! चोर! तोटी काढून राहिला! सोड बे! सोड!"

मी धावलो. अख्खी गल्ली धावली. गणपतरावांच्या ओसरीवर खस विकणारा एक माणूस होता. रोज डोक्यावर गठ्ठा घेऊन हाळी देत जाणारा, वाळका, पन्नाशीचा. शेषराव त्याचं नाव, ते नंतर कळलं. गठ्ठा खाली पडला होता आणि तो कूलरपाशी ओणवा झाला होता. उजव्या मुठीत पितळी तोटी. डोळे उघडे, दात आवळलेले, तोंडातून एक बारीक घरघर. गणपतराव बनियन-लुंगीत, झोपेतून उठलेले, लांबूनच त्याच्या पाठीत काठी घालत होते.

"सोड म्हणतो ना! पाहा हो, मार खाऊन राहिला पण सोडून नाई राहिला! किती लालची आहे साला!"

"हाणा!" कुणीतरी म्हणालं. लोक जवळ सरकले.

"हात नका लावू त्याले!"

धकाते सर गमबुटांत धावत आले. धावताना ते इतके विचित्र दिसत होते की त्या गर्दीतही दोघं-तिघं हसले. ते ओसरीवर चढले, सरळ गणपतरावांच्या घरात शिरले आणि आतून खटकन आवाज आला. पंखा थांबत गेला. शेषरावची मूठ उघडली आणि तो जमिनीवर कोसळला.

सरांनी बाहेर येऊन त्याच्या छातीला कान लावला. मग त्याला कुशीवर वळवलं. तो श्वास घेत होता. थोड्या वेळानं तो पुटपुटला, "बाईनं... खस पाहाले सांगतली होती... काल..."

"खोटं!" गणपतराव गरजले. "माझी बायको माहेरी गेली सकाळी."

"काल सांगतली होती," तो म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

"हा करंट होता," धकाते सर म्हणाले. "तुमच्या कूलरमंधी करंट उतरला, गणपतराव. त्यानं पकडलं याले."

"असंल करंट! पण तोटीले हात आधी यानंच घातला ना? अन् मी सोड म्हणून राहिलो, मारून राहिलो, त सोडून काहून नाई दिली? चोराची मूठच अशी असते! पोलिसात देतो याले."

लोक माना डोलवायला लागले. एवढा मार खाऊन सोडत नाही म्हणजे चोरच, यात कुणाला शंका वाटेना. मी स्वतः काय करत होतो? मी सावलीत उभा होतो.

सर उठले. घराकडे गेले आणि करंटकाठी घेऊन आले. मला वाटलं, आता हा येडा माणूस गणपतरावांना झटका देणार. गणपतरावांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते खांबामागे सरकले. पण सरांनी दोन्ही पट्ट्या स्वतःच्या उजव्या हाताला बांधल्या. एक मनगटाच्या वर, एक कोपराच्या खाली. काठी माझ्या हातात दिली.

"कवीराज, मी म्हटलं का बटन दाबा. अन् मी डोळे मिटले का सोडा. त्याच्या आधी नाई. मी ओरडलो तरी नाई."

मग ते गणपतरावांपाशी गेले आणि उजव्या हातात त्यांची लुंगी धरली. बरोबर कमरेच्या गाठीपाशी.

"दाबा!"

मी दाबलं. किर्र आवाज सुरू झाला. सरांच्या हातावरच्या शिरा तट्ट फुगल्या, बोटं आत वळली, मूठ अशी आवळली गेली की नखं पांढरीफटक पडली.

"आता सांगा," सर दातांतून म्हणाले, "सोड म्हणा मले."

"सोड ना बे! लुंगी सोड!"

"मी सोडून राहिलो! मूठ सोडून नाई राहिली!"

गणपतरावांनी हिसका मारला. गाठ सुटायला लागली. त्यांनी दोन्ही हातांनी लुंगी धरली आणि मागे ओढली. सर त्यांच्यासोबत फरपटत गेले, मी काठी घेऊन दोघांच्या मागे, आणि अशी आमची तिघांची वरात ओसरीभर फिरली. वरच्या खिडक्यांतून बाया खिदळायला लागल्या.

"मारा!" सर ओरडले. "त्याले मारत होते तसं मले मारा! पाहू सुटते काय!"

गणपतरावांनी खरंच त्यांच्या मनगटावर चापट्या मारल्या. मूठ ढिम्म. गर्दीतला एक तगडा पोरगेला माणूस पुढे आला, त्यानं बोटं उघडायचा प्रयत्न केला. "बापरे," तो म्हणाला, "लोखंड आहे हे."

मला बटण सोडायचं होतं. सरांचं तोंड घामानं निथळत होतं. पण ते डोळे मिटत नव्हते. ते शेषरावकडे बघत होते. शेवटी त्यांनी डोळे मिटले. मी बटण सोडलं. मूठ उघडली. लुंगी गणपतरावांच्या हवाली झाली.

"मी लुंगीचोर आहे काय?" सरांनी विचारलं.

गल्ली हसून हसून लोळायची बाकी राहिली. गणपतरावही हसायला बघत होते, पण त्यांना गाठ मारायची होती. ज्या लोकांनी क्षणापूर्वी "हाणा" म्हटलं होतं, त्यांच्यापैकीच एकानं घरून पाण्याचा गडवा आणला. शेषरावला पाणी पाजलं. सरांनी हट्ट धरला की त्याचं काळीज डॉक्टरनं तपासलंच पाहिजे, आणि दोघांनी त्याला रिक्षात घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. तो दुसऱ्या दिवशी धडधाकट घरी गेला. पुढच्या आठवड्यात गणपतरावांच्या ओसरीखाली जमिनीत अर्थिंगची सळई ठोकली जात होती. ते काम आपल्याच डोक्यातून निघालं, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते.

त्या दुपारी गर्दी पांगल्यावर मी सरांना त्यांच्या खोलीवर सोडायला गेलो. इतक्या वर्षांत मी तिथे कधी गेलो नव्हतो. जाण्यासारखं काही आहे असं वाटलंच नव्हतं. एक खाट, तारांची भेंडोळी, स्टोव्ह. त्यांचा उजवा हात मांडीवर पडला होता आणि थरथरत होता. काडी पेटवायला गेले, पेटली नाही. काडी मी ओढली. चहा मी केला. वाईट झाला.

"दुखतंय?" मी विचारलं.

"दुखते ना. दिवसभर दळण दळल्यावानी. राहते एक-दोन दिवस." मग म्हणाले, "मोठा भाऊ होता मले. देवराव."

मी काही विचारलं नव्हतं.

"गोळीबार चौकाजवळ राहत होतो आमी. घरी माग होता. देवराव माग चालवे अन् मी शाळेत जाओ. तेव्हा आमच्या बोळीत नवी नवी लाईट आली होती. एका दिवशी वाऱ्यानं तार तुटली अन् अंगणात लोंबून राहिली. तिथंच आईनं सूत वाळाले टाकलं होतं. सूत जळंन म्हणून देवराव गेला तार बाजूला कराले. तार हातानं धरली. लोक जमा झाले. सगळे ओरडून राहिले, सोड, सोड. त्यानं नाई सोडली. गेला. मुठीत तार होती त लोक म्हणे, तांब्यासाठी गेला. तार चोरत होता."

मी त्यांचा कप त्यांच्या जवळ सरकवला.

"लोकाइचं जाऊ द्या. पण आई! आई बी तिथंच उभी होती ना. ती बी सोड म्हणून ओरडत होती. तिच्या मनात बसलं, का मी सांगतलं तरी यानं ऐकलं नाई. माह्यापेक्षा याले तार मोठी झाली. ती त्याच्यावर रागावली, गा. मेलेल्या पोरावर. त्याचं नाव नाई घे. त्याच्या तेरवीले जेवली नाई. वर्षं गेली. कधी जेवता जेवता हात थांबे अन् मले विचारे, काहून नाई सोडली रे त्यानं? मी काय सांगू? मले कुठं माहीत होतं!"

"मग?"

"मंग कॉलेजात गेलो. तिथं प्रोफेसरनं शिकवलं. बोटं मिटणारं मसल जोरदार राहते, उघडणारं कमजोर. करंट दोघाइलेही हुकूम देते, पण जिंकते मिटणारं. मी तास सोडून सायकलनं घरी आलो. आईले सांगतलं. तिले काई समजलं नाई. मसल काय, हुकूम काय. मंग मी कॉलेजातून कॉईल मागून आणली. हाताले तारा बांधल्या, अन् आईचा पदर धरला मुठीत. अन् करंट सोडला."

बाहेर कुणाचा तरी कूलर सुरू झाला. सरांनी मान वळवून ऐकलं आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"आई म्हणे, सोड. मी नाई सोडला. ती म्हणे, अरे लुगडं फाटते, सोड ना. मी म्हटलं, आई, मी सोडूनच राहिलो वं. तुझं ऐकूनच राहिलो. तिनं माह्या तोंडाकडं पाहिलं. मंग माही मूठ हातात घेतली अन् एक एक बोट उघडाले लागली. मी करंट बंद केला तरी ती उघडूनच राहिली. सगळी बोटं उघडली. मंग कितीक वेळ तळहात धरून बसली. अन् म्हणे, म्हंजे त्याले सोडाची होती."

चहा निवून चालला होता. सरांनी कपाकडे हात नेला, पण तो अजून थरथरत होता. मी कप उचलला आणि त्यांच्या तोंडाशी धरला. त्यांनी एक घोट घेतला.

"साखर जास्त झाली, कवीराज," ते म्हणाले, आणि दुसरा घोट घेतला.